परिचय, शंभर शब्दांत

डॉ. पद्मजा उगारे, मेंदू शल्यचिकित्सक.
नाव चोवीस पॉइंटात घेतो, ठळक.
स्मरणिका रविवारी हवी. मिरजेहून तिसरा फोन:
परिचय शंभर शब्दांतच बसवा,
खाली बेदाणेवाल्यांची जाहिरात आहे.

जन्म कुपवाड. वडील हळदीच्या पेठेत हमालांचे मुकादम.
ही ओळ त्यांच्या कागदावर नाही,
पण राजवाडा चौकातल्या छापखान्याला बरंच ठाऊक असतं.
एमबीबीएस मिरज. पुढचं चंदीगडला.
मग दोन वर्षं जपान;
तिथल्या प्रोफेसरांचं नाव दोन तऱ्हांनी लिहून आलंय,
मी एक निवडतो.
मग परत. का परत, याला रकाना नाही.

शस्त्रक्रिया: सहा हजारांवर.
त्यांत दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला
रात्री मागून धडकलेली पोरं किती,
ते विचारून घ्यावं का?
नको. जाहिरात कारखान्याचीही आहे, मागच्या पानावर.

संशोधनाचा विषय:
द्विभाषिक रुग्णांच्या भाषाकेंद्रांचे
जागृतावस्थेतील शस्त्रक्रियेदरम्यान मानचित्रण.
तीन ओळी खातं हे वाक्य.
'मानचित्रण'खाली कॉम्प्युटर लाल रेघ ओढतो.

म्हणजे असं:
जत, अथणी, कागवाड, त्या अंगाची माणसं
एका डोक्यात दोन भाषा घेऊन येतात.
गाठ काढायची तर मॅडम कवटी उघडतात
आणि माणसाला जागं ठेवतात.
मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणे.
समोर चित्र धरायचं. हे काय? घागर.
तारेचं टोक थोडं सरकतं.
हे काय? माणूस गप्प.
तिथं कागदाचा इवलासा आकडा ठेवतात:
इथं शब्द राहतो, इथं सुरी नाही.

ती चित्रं माझ्याकडे छापली.
साठ कार्डं, जाड कागद, मॅट लॅमिनेशन,
कारण चकचकीतावर ऑपरेशनचा दिवा उमटतो.
मॅडम स्वतः आल्या होत्या, या स्टुलावर बसल्या.
विळी, घागर, कोंबडा, कंदील.
कंदील काढा, म्हणाल्या.
आजकालची पोरं ओळखत नाहीत,
आणि मला कळणार नाही
माझा हात चुकला की काळ बदलला.

दोन वर्षांनी आमची आई.
माहेर अथणीकडचं. आमच्या घरात कानडी
कुणाला कळत नसे, म्हणून ती बोलत नसे, एवढंच.
मॅडमनी आधीच बसवून सांगितलं होतं,
गाठ अशा जागी आहे,
सगळं वाचेल असं मी म्हणत नाही.
आई वाचली.
तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मगा, नीरु कोडु."
मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.
पाणी सिस्टरनं दिलं.

मराठी गेली. चाळीस वर्षांची, माझ्या नावासकट.
मॅडम राउंडला यायच्या, तिच्याशी
पेठेतल्या हमालांकडून उचललेलं कानडी बोलायच्या,
शिव्यांसकट असावं, आई खुदकन हसायची.
एकदा जाताना दारात थांबल्या, मला म्हणाल्या,
अर्धा मिलिमीटर. मग काही बोलल्या नाहीत.
या यादीतला पाचवा शोधनिबंध,
त्यात रुग्ण क्रमांक एकतीस, स्त्री, वय बासष्ट.

शब्द मोजले. एकशे चार.
'प्रख्यात' काढला. 'अथक' काढला.
'निष्णात'ही काढला, ते मॅडमना चालेल.
एक उरतो. सकाळी बघू.

घरी आई खिडकीशी बसते,
छपाईत वाया गेलेल्या कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेऊन.
एकेक उचलून मला शिकवते.
मी म्हणतो तसं ते नसतंच, ती मान हलवते.
आज गठ्ठ्याच्या तळातून
ते काढून टाकलेलं चित्र निघालं.
कंदीलु, ती म्हणाली.
कंदील, मी म्हणालो.
तिनं माझ्याकडे बघितलं,
आणि पुढचं कार्ड उचललंच नाही.